दूरचें विद्यापीठ कीं घराजवळचें?

परीक्षेचे निकाल लागले कीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एक वाद हटकून सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला दूरच्या एखाद्या नांवाजलेल्या विद्यापीठांत प्रवेश मिळेल इतके गुण पडलेले असतात. आणि त्याच विषयाचें बऱ्यापैकी शिक्षण देणारें कॉलेज आपल्याच गांवांत, बसनें अर्ध्या तासाच्या वाटेवर असतें. आई खर्चाचा हिशेब मांडते. वडिलांना परगांवच्या जेवणाची आणि आजारपणाची धास्ती वाटते. शेजारीपाजारी त्या विद्यापीठाच्या लौकिकाच्या गोष्टी सांगतात. आणि ज्याला जावयाचें त्याचें लक्ष आपले मित्र कोठें जात आहेत याकडे लागलेलें असतें. अखेर निर्णय होतो तो बहुधा नांवाच्या वजनावर किंवा पैशाच्या अडचणीवर. वास्तविक त्याच्या आधीं एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. घराजवळ जें मिळणार नाहीं, असें काय तें दूरचें विद्यापीठ या विशिष्ट मुलाला देणार आहे?

या प्रश्नाचा विचार करतांना विद्यापीठाचें नांव आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मिळणारें शिक्षण या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. इ.स. १८५७ मध्यें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें निघालीं, तीं त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालीं. कॉलेजांना मान्यता देणें, अभ्यासक्रम आंखणें, परीक्षा घेणें आणि पदव्या देणें एवढेंच त्यांचें मुख्य काम होतें. शिकविण्याचें काम कॉलेजांकडे असे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकलेला आणि १८८५ सालीं पुण्यांत निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेला, हे दोघेहि एकाच विद्यापीठाचे पदवीधर म्हणविले जात. पदवीपत्रावरचें नांव एक होतें. परंतु वर्ग, शिक्षक, ग्रंथालय आणि सहाध्यायी हीं सर्वस्वीं निराळीं होतीं. आजहि महाराष्ट्रांत पदवीपर्यंतचें बहुतेक शिक्षण विद्यापीठांशीं संलग्न असलेल्या कॉलेजांतच होतें. म्हणून विद्यापीठाच्या नांवाची चौकशी करून थांबणें पुरेसें नाहीं; ज्या विभागांत मूल तीन-चार वर्षें रोज बसणार, त्या विभागाची चौकशी झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट अंतराची. महाराष्ट्रांत एके काळीं दूर जावें कीं न जावें असा पर्यायच पुष्कळांपुढें नव्हता. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें. तें आरंभीं कलकत्ता विद्यापीठाशीं आणि पुढें अलाहाबाद विद्यापीठाशीं जोडलेलें होतें. नागपूरला स्वतःचें विद्यापीठ १९२३ मध्यें मिळालें. मराठवाड्यांतील विद्यार्थ्याला पदवीसाठीं बहुधा हैदराबाद गांठावें लागे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं स्थापन झालें. पुणें विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची १९६२ ची. म्हणजे आज ज्याला घराजवळचें म्हणून कमी लेखलें जातें, तें जवळ आणण्यासाठीं मागच्या पिढ्यांना पुष्कळ झटावें लागलें आहे.

त्या काळीं कोंकणांतून किंवा देशावरून पुण्यास येणारा गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिके. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असें त्याचें जेवण चाले. पण हे वार बहुतेक ब्राह्मण मुलांनाच मिळत. इतर जातींच्या मुलांना परगांवीं ना घर उघडें होतें, ना पंगत. ही उणीव ओळखून छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. आणि भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें. यावरून एक गोष्ट दिसून येते. विद्यार्थ्याचें अंतर केवळ मैलांनीं मोजून भागत नाहीं. वाटेच्या दुसऱ्या टोकाला त्याचें असें कोण आहे, यावरहि तें अवलंबून असतें.

आतां दूर जाऊन काय मिळतें, याचीं कांहीं उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोलीजवळच्या मुर्डी गांवचे. ते प्रथम फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, नंतर शिष्यवृत्ति मिळवून केंब्रिजला गेले, आणि १८९९ सालीं गणिताच्या परीक्षेंत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. परत येऊन ते त्याच फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पाया जवळच्या कॉलेजांत घातला गेला, आणि दूरचें विद्यापीठ त्यानंतर आलें, हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचें उदाहरण याहून निराळें आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत शिकत असतां त्यांना इंग्लंडास पाठविण्याचा विचार झाला होता. परंतु तेथील हवा या प्रकृतीला मानवणार नाहीं, असें सिव्हिल सर्जननें सांगितल्यामुळें तो बेत राहिला. पुढें कलकत्त्यास सरकारी हिशेबखात्यांत नोकरी करतां करतां, सकाळ-संध्याकाळ बहुबाजारांतील एका विज्ञानसंस्थेच्या साध्या प्रयोगशाळेंत त्यांनीं काम आरंभिलें. १९२८ सालचा त्यांचा शोध त्याच प्रयोगशाळेंतला. त्यासाठीं १९३० मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून ‘परदेशीं गेल्याखेरीज कांहीं होत नाहीं’ हें म्हणणें खरें नाहीं.

पण या दोन उदाहरणांवरून ‘बुद्धि असली कीं कोठेंहि भागतें’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोहि एकांगी ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें जॉन ड्यूई, सेलिग्मन यांसारखे अध्यापक त्यांना लाभले. आयुष्यांतले आपले उत्तम स्नेही कोलंबियांतील सहाध्यायी आणि प्राध्यापक यांतच मिळाले, अशा आशयाचें त्यांनीं १९३० मध्यें लिहिलें आहे. परदेशांतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच पुसून गेली होती, असेंहि त्यांनीं नमूद केलें आहे. तेच आंबेडकर १९१७ सालीं करार पाळण्यासाठीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांना त्या शहरांत राहावयास जागा मिळेना. घराजवळच्या कोणत्याहि कॉलेजाला जें देतां येण्यासारखें नव्हतें, तें त्यांना दूर मिळालें. आणि त्यांतहि पैशाची अडचण होतीच. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें होतें. मुंबईस प्राध्यापकी करून, पैसे सांठवून, शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन ते १९२० मध्यें पुन्हां लंडनला गेले, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले.

या दोन प्रकारच्या उदाहरणांत जो भेद दिसतो, त्याला अलीकडच्या संशोधनानेंहि दुजोरा दिला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या विद्यापीठांतून बाहेर पडलेल्यांना पगार अधिक मिळतो, हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु तो विद्यापीठामुळें मिळतो कीं तेथें मुळांतच हुशार मुलें जातात म्हणून मिळतो, हें ठरविणें कठीण होतें. या दोघांनीं अशा विद्यार्थ्यांची तुलना केली, कीं ज्यांनीं सारख्याच दर्जाच्या कॉलेजांकडे अर्ज केले होते व ज्यांना सारखेच होकार-नकार आले होते. मात्र कांहीं अधिक नांवाजलेल्या ठिकाणीं गेले आणि कांहीं तितक्या नांवाजलेल्या नसलेल्या ठिकाणीं. पुढील आयुष्यांत या दोहोंच्या मिळकतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पण याला अपवाद होता, आणि तोच महत्त्वाचा आहे. पहिल्या निबंधांत गरीब घरच्या विद्यार्थ्यांना, आणि पुढच्या अभ्यासांत कृष्णवर्णी, हिस्पॅनिक व कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांना नांवाजलेल्या कॉलेजाचा स्पष्ट लाभ झालेला दिसला.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. ज्याच्या घरांत पुस्तकें आहेत, ज्याच्या मामाची किंवा आत्याची चार ठिकाणीं ओळख आहे, अर्ज कसा करावा आणि मुलाखतींत काय बोलावें हें ज्याला जेवतां जेवतां कळतें, त्याला मोठें विद्यापीठ जें देतें त्यांतील पुष्कळसें घरींच मिळालेलें असतें. ज्याच्या घरीं यांपैकीं कांहींच नाहीं, त्याला तें सर्व त्या विद्यापीठांतच प्रथम भेटतें. खेदाची गोष्ट ही, कीं ज्याला दूर जाण्याचा लाभ सर्वांत अधिक, त्याचेंच घर त्या वाटेला सर्वांत अधिक भितें. कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें आहे, कीं अमेरिकेंतील गरीब घरांतील अत्यंत हुशार मुलांपैकीं बहुसंख्य मुलें मोठ्या कॉलेजांकडे अर्जच करीत नाहींत. आणि सवलती जमेस धरल्या तर तींच कॉलेजें त्यांना पुष्कळदां स्वस्त पडलीं असतीं. भारतांतहि दूरचें तें महागच, असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. २०१६ सालीं आय. आय. टी. संस्थांची वार्षिक शिकवणी फी ९० हजारांवरून २ लाख रुपये करण्यांत आली. तेव्हांच अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेंच ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न १ लाखाखालीं आहे त्यांना ती संपूर्ण माफ झाली, आणि १ ते ५ लाख उत्पन्नाच्या कुटुंबांना दोन-तृतीयांश माफी मिळाली. छापील फीचा आंकडा पाहून ज्या घरानें अर्ज केला नाहीं, त्या घराला ही गोष्ट कळलीच नाहीं.

मात्र अमेरिकेंतील निष्कर्ष येथें जसेच्या तसे लावतां येत नाहींत. येथें कित्येक कंपन्या नोकरभरतीसाठीं ठराविक संस्थांच्याच दाराशीं जातात. अशा धंद्यांत नांवाला मोल आहे, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु मूल शिक्षक, वकील किंवा स्थानिक उद्योगांतला हिशेबनीस होणार असेल, तर त्याच गांवांतील न्यायालय, शाळा आणि पेढ्या यांच्याशीं जुळलेली ओळख दूरच्या नांवापेक्षां अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो.

अंतराची किंमत पैशांतच द्यावी लागते असेंहि नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, अवघ्या अठराव्या वर्षीं, वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. तेथें रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना लेकीसारखें घरांत घेतलें. दुसऱ्या टोकाला माणूस होतें, तरी प्रकृति आधींच नाजूक, आणि त्यांत फिलाडेल्फियाची थंडी व आहाराचे हाल. १८८६ च्या मार्चमध्यें त्या एम. डी. झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें निवर्तल्या. त्यांचें जाणें चुकलें असें आज कोणी म्हणणार नाहीं. परंतु मुलाला दूर धाडणाऱ्या घरानें शरीर आणि मन यांचा विचार शेवटीं नव्हे, आरंभींच केला पाहिजे. आज टेलिफोनवर रोज चेहरा दिसतो. तरी परक्या वसतिगृहांत एकट्यानें काढावे लागणारे पहिले चार-सहा महिने कित्येकांना जड जातात.

मुलींच्या बाबतींत तर ‘जवळचें’ हा शब्द फारच सावधपणें वापरला पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींचा अभ्यास करून गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं दाखविलें आहे, कीं जाण्या-येण्याची वाट अधिक सुरक्षित असावी म्हणून मुली कमी दर्जाचें कॉलेज पत्करतात. मुलगे तितकी तडजोड करीत नाहींत. ज्या घरांत मुलाला पुण्या-मुंबईस धाडतांना कर्ज काढलें जातें आणि मुलीला गांवांतलें कॉलेज ‘बरें आहे’ म्हणून सांगितलें जातें, तेथें विद्यापीठांची तुलना झालेलीच नसते.

निर्णयाच्या वेळीं चार गोष्टी कागदावर मांडाव्यात, हें उत्तम. त्या विभागांत प्रत्यक्ष शिकवितें कोण, आणि तेथील कायम शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत कीं रिकाम्या? ग्रंथालय व प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना खरोखर कितपत वापरतां येतात? फीबरोबर वसतिगृह, खानावळ, प्रवास आणि कर्जाचें व्याज धरून सर्व वर्षांचा खर्च किती? शिक्षण चालू असतांना कर्जाचा हप्ता नसला, तरी बहुधा व्याज चढत असतेंच. आणि शेवटची गोष्ट ही, कीं त्या गांवीं आजारीपणांत दार ठोठावतां येईल असें एक तरी घर आहे काय? या चौकशीसाठीं माहितीपुस्तिका पुरत नाहीं. त्या विभागांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकत असलेल्या विद्यार्थ्याला विचारावें. तो तासाभरांत जें सांगेल, तें कोणत्याहि जाहिरातींत सांपडणार नाहीं.

एवढें करून जवळचें कॉलेज पसंत पडलें, तर मन खट्टू करण्याचें कारण नाहीं. पदवीनंतरचें शिक्षण दूर घेण्याची वाट परांजप्यांच्या काळापासून मोकळी आहे, आणि त्या वयांत मूल अधिक तयार व शिष्यवृत्त्या अधिक उपलब्ध असतात. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशीं शिकण्यासाठीं महाराष्ट्र शासनानें ठेवलेली राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिष्यवृत्ति त्यांपैकींच एक होय. पण ज्या मुलाला घरीं शिक्षणाची परंपरा नाहीं, ज्याच्या ओळखी गांवच्या वेशीपाशीं संपतात, त्याला दूरच्या चांगल्या विद्यापीठाचें पत्र आलें असेल, तर घरच्यांनीं ‘जवळचें बरें’ म्हणण्यापूर्वीं दहा ठिकाणीं चौकशी करावी. आणि ज्या घरांना वसतिगृहें, शिष्यवृत्त्या आणि अर्जांच्या मुदती यांची माहिती आहे, त्यांनीं ती आपल्या मुलापुरती न ठेवतां शेजारच्या, किंवा घरीं कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीपर्यंतहि पोंचवावी. पूर्वींच्या काळीं गांवानें वार लावून देण्याचें जें काम केलें, तें आज निदान एवढ्या रूपानें तरी करतां येण्यासारखें आहे. आणि या वेळीं कोणाचें मूल कोणत्या जातीचें, हें विचारण्याची गरज नाहीं.