गॅलरीतला सर्वेअर

संध्याकाळचे साडेसात. भाऊ गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेत. डोळ्यांवर वाचायचा चष्मा, मांडीवर मुलाची जाडजूड वही. समोर स्टुलावर मुलगा, हात गुडघ्यांवर. उद्या त्याची ओरल आहे, चर्चगेटच्या जुन्या सीजीओ बिल्डिंगमध्ये, मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची, एमईओ क्लास टूची. पास झाला की थर्ड इंजिनिअरचा सेकंड इंजिनिअर व्हायची वाट मोकळी. प्रश्न विचारणारा तिथे सरकारी सर्वेअर असतो. आज रात्रीपुरते ते काम भाऊंनी घेतलंय.

"गार्बेज. प्लास्टिक किनाऱ्यापासून किती मैलांवर टाकता येतं?"

"कुठेच नाही."

"सर म्हण."

"कुठेच नाही, सर."

आतून वहिनींचं हसू ऐकू येतं. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा. समोरच्या दारातला शेजारी, त्यामुळे या परीक्षेला मला कायमची परवानगी आहे. पायाशी डासांची कॉइल जळतेय. नदीत पाणवेल माजली की एकलहऱ्यात डास विचारू नका. पलीकडे पॉवर स्टेशनची चिमणी आणि तिच्यावरचे लाल दिवे. समुद्र इथून घाटापलीकडे, आणि या घरात मात्र महिनाभर दुसरा विषय नाही.

भाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर. आठ महिन्यांनी रिटायर होतील. इथली पहिली दोन युनिटं कधीच बंद झाली; आता २१० मेगावॉटची तीन आहेत, त्यांचा जन्म भाऊंच्या समोरचा नसला तरी स्वभाव त्यांना तोंडपाठ. मुलगा बल्क कॅरिअरच्या इंजिनरूममध्ये. दोघांचा धंदा एकच, आग लावायची आणि ती धरून ठेवायची. म्हणून ही ओरल बघायला मजा येते. भाऊंना वहीतलं इंग्रजी पूर्ण कळत नाही, पण उत्तर गुळमुळीत आलं तर बरोब्बर कळतं.

"खाण्याचं उष्टंखरकटं?"

"बारीक दळलेलं असेल तर तीन सागरी मैलांपलीकडे. न दळलेलं असेल तर बारा. आणि जहाज चालतं पाहिजे, उभं नाही."

"राख?"

मुलगा क्षणभर थांबतो. "इन्सिनरेटरची राख? नाही, सर. ड्रममध्ये भरून ठेवायची, बंदरात उतरवून द्यायची, पावती घ्यायची."

भाऊ चष्मा काढतात. सर्वेअरचा आवाज जातो, घरचा येतो. "राखसुद्धा नाही?"

"मूठभरसुद्धा नाही, पप्पा."

आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते. भाऊंची सगळी नोकरी त्या राखेशी भांडण्यात गेली. ईएसपी यंत्रात ती पकडायची, हॉपरमधून ओढायची, राखेच्या बंधाऱ्याकडे पाठवायची. मूठभर राखेची पावती ही गोष्ट त्यांना पचायला वेळ लागतो. ते वही उलटी ठेवतात आणि चहा मागवतात.

चहा येईपर्यंत मी विचारतो, की हे सगळं बघतं कोण. मुलगा बोटं मोडत सांगू लागतो. मुंबईत कांजूरमार्गला नौवहन महासंचालनालय, त्यांच्या भाषेत डीजी शिपिंग. १९४९ साली सुरू झालं. भारताचा झेंडा लावलेल्या जहाजाची नोंदणी, त्याची प्रमाणपत्रं, खलाशांच्या परीक्षा, त्यांची सीडीसी नावाची ओळखपुस्तकं, भरती करणाऱ्या एजंटांचे परवाने, सगळं त्यांच्याकडे. मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट हे त्यांचंच बंदरोबंदरीचं अंग.

"म्हणजे आरटीओ," मी म्हणतो.

"आरटीओ, बॉयलर इन्स्पेक्टर आणि बोर्डाची परीक्षा, तिन्ही एकाच छपराखाली," भाऊ दुरुस्ती करतात. बॉयलर इन्स्पेक्टर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलतो. वर्षाला बाष्पके संचालनालयाचा साहेब येतो, थंड केलेल्या बॉयलरच्या ड्रमच्या भोकातून आत शिरतो, टॉर्च मारून ट्यूबांची तोंडं बघतो. तो सही करत नाही तोवर बॉयलर पेटवायचा नाही, मग मुंबईहून कुणाचाही फोन येवो. जहाजालाही तसंच. पाच वर्षांत दोनदा गोदीत चढवून तळ बघायचा. गंमत म्हणजे बापाचा कायदा १९२३ चा, लेकाचा १९५८ चा, आणि दोन्ही बदलून नवे कायदे संसदेने एकाच वर्षी केले, २०२५ साली.

"पण बाहेरच्या देशाचं जहाज आलं तर?" मी खरंच न कळून विचारतो.

हा प्रश्न त्याला आवडतो. "काका, तीन नाती असतात. झेंडा, बंदर, किनारा. ज्याचा झेंडा तो देश जहाजाचा पालक. ज्याच्या बंदरात आलं त्याला तपासायचा हक्क. इन्स्पेक्टर चढतो, खोट सापडली तर जहाज डिटेन करतो, दुरुस्ती होईस्तोवर सोडत नाही. आणि ती खोट हिंदी महासागरातल्या बाकीच्या बंदरांनाही कळते, कारण त्यांचा करार आहे. तिसरा किनारा. बुडालं तर घाण त्याच्या वाळूवर येते."

तिसऱ्या नात्यासाठी उदाहरण लांबचं नाही. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं. लायबेरियाचा झेंडा, वय अठ्ठावीस वर्षं, ६४० कंटेनर. आदल्या दिवशी ते एका बाजूला कलू लागलं; त्यावरच्या चोवीसांपैकी एकवीस जणांना त्याच दिवशी आणि उरलेल्या तिघांना दुसऱ्या सकाळी तटरक्षक दलाने आणि नौदलाने उतरवून घेतलं. कंटेनरांतले तेरा धोकादायक मालाचे, त्यांतल्या बारांत कॅल्शियम कार्बाइड.

"आंबे पिकवायचं ते?" वहिनी चहाचा ट्रे ठेवता ठेवता विचारतात.

"तेच. पाणी लागलं की गॅस सुटतो, पेटतो."

"अगं बाई. समुद्रात?"

त्याच जहाजातले प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यापर्यंत वाहत गेले आणि माणसं ते चाळणीने वेचत बसली. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच कंपनीचं दुसरं जहाज विझिंजम बंदरात अटकेत ठेवायचा हुकूम काढला.

"जहाजाला अटक?" भाऊ चहाचा घोट अर्धवट ठेवतात. "बेडी कुठं घालतात?"

"वॉरंट चिकटवतात, पप्पा. मग ते हलत नाही."

भाऊंना हे फार आवडतं. पुढची पाच मिनिटं ते कुठकुठल्या ट्रकवर वॉरंट चिकटवायला हवं याची यादी सांगतात. ती इथे देत नाही.

चहाबरोबर वाटीत रावळगावच्या गोळ्या आहेत. नाशिक जिल्ह्याला किनारा नाही, पण जहाजांशी आपलं नातं या वाटीत आहे, असं मला नेहमी वाटतं. मालेगाव तालुक्यातलं रावळगावचा कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद हेच सिंदिया कंपनीचे. त्या कंपनीची लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. मुलाला हे पाठ आहे. गोळी तोंडात टाकत तो म्हणतो, "हे विचारलं तर बरं होईल. विचारत नाहीत."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर जातो.

"एमव्ही रॅक. सांग."

"४ ऑगस्ट २०११, सर. मुंबईपासून साधारण वीस सागरी मैलांवर बुडालं. तीसही जण वाचले. इंडोनेशियाहून दहेजला कोळसा चालला होता, साठ हजार टनांवर. शिवाय टाकीत इंधन तेल आणि डिझेल. तेल बाहेर आलं, तटरक्षक दल तवंगावर औषध फवारत होतं. पाच वर्षांनी हरित लवादाने शंभर कोटींची भरपाई लावली."

पण भाऊंचं लक्ष कोळशाच्या आकड्यावर अडकलंय. ते वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने हिशेब मांडतात. एक रेक म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, पावणेचार-चार हजार टन. "पंधरा रेक. अरे, आमची तिन्ही युनिटं फुल लोडवर सहा-सात दिवस चालतील. टिपलरवाल्यांची रात्रंदिवस पाळी. एवढा कोळसा एका दमात खाली?"

"आहे अजून तिथेच."

भाऊ काही बोलत नाहीत. सांडलेलं तेल, पैसा, न्यायालय हे सगळं त्यांना ऐकीव. पंधरा रेक मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक उभे राहतात. सायडिंगला कोळसा नाही म्हणून लोड उतरवलेले दिवस त्यांनी पाहिलेत.

मग ते एकदम म्हणतात, "आणि ते जुहूचं?"

वहीत ते नाही. त्यांना टीव्हीवरचं आठवतंय. एमटी पवित. खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं, रिकामं टँकर जहाज अरबी समुद्रात महिनाभर वाहत राहिलं आणि ३१ जुलै २०११ ला जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. मधे कुणाच्याच नजरेस पडलं नाही.

"तिथं एवढी खाती. महासंचालनालय, तटरक्षक, नौदल, पोलिस. आणि अख्खं जहाज चौपाटीवर?"

"हे विचारलं तर काय सांगू, पप्पा?"

"खरं सांग. कागद सगळ्यांकडे होता, नजर कुणाचीच नव्हती."

मला वाटतं, उद्याच्या सर्वेअरने याला पूर्ण मार्क दिले पाहिजेत. देणार नाहीत. त्यांना हवं असतं आंतरराष्ट्रीय करारातलं कुठलं अनेक्स, कितवा नियम. पण मुलगा ते वाक्य मनात टिपून घेतो, हे दिसतं.

ऑइली वॉटर सेपरेटरवर तो सर्वांत जास्त रंगतो, कारण ती त्याची रोजची डोकेदुखी. इंजिनरूमच्या तळाला, बिल्जमध्ये, पाणी आणि तेल साचतं. ते यंत्रातून गाळून दहा लाख भागांत पंधरा भाग तेल राहील इतकं स्वच्छ झालं तरच समुद्रात सोडायचं. पंधराच्या वर गेलं की अलार्म वाजतो आणि झडप आपोआप पाणी परत टाकीकडे वळवते. काही जण या यंत्राला वळसा घालून पाइप टाकतात. त्याला म्हणतात मॅजिक पाइप. अमेरिकेत २०१६ साली एका क्रूझ कंपनीला या पाइपापायी चार कोटी डॉलर भरावे लागले, आणि भांडं फोडलं होतं नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने.

"इन्स्पेक्टरला कळतं कसं?" मी विचारतो.

"रंगावरून. सगळे फ्लँज जुन्या रंगाचे आणि एकाच्याच बोल्टचा रंग खरवडलेला, किंवा एकच नवा रंगवलेला. तिथं तो थांबतो."

भाऊ मान हलवतात. ही खूण बॉयलरवाल्याला वेगळी समजवावी लागत नाही.

साडेनऊला जेवणं उरकून आम्ही तिघं पाय मोकळे करायला नदीकडे निघतो. भाऊंच्या हातात वही तशीच. बंधाऱ्यापाशी वास आधी येतो, पाणी मागून दिसतं. नाशिक शहर धुऊन आलेली गोदावरी इथे थांबते. पाणवेलीचा हिरवा गालिचा, त्यावर थर्माकोल, चपला, बाटल्या. त्र्यंबकेश्वरला उगम पावते तिथून अरबी समुद्र उणापुरा ऐंशी किलोमीटर. पण ही बाई पाठ फिरवून पूर्वेला चालू लागते, नांदूरमधमेश्वर, जायकवाडी, तेलंगण करत १,४६५ किलोमीटरांनंतर बंगालच्या उपसागराला भेटते. जाताना हे सगळं बरोबर घेऊन. समुद्रातला बहुतेक कचरा जहाजांवरून नाही, जमिनीवरूनच जातो.

एक मोटरसायकल थांबते. मागे बसलेल्या बाई हात जोडतात, पुढचा माणूस गाठ मारलेली पिशवी फेकतो. झेंडूची फुलं असावीत. पिशवी पाणवेलीवर पडते, बुडत नाही. गाडी निघून जाते.

"कॅटेगरी ए," मुलगा म्हणतो.

"काय?"

"गार्बेज रेकॉर्ड बुकात ए म्हणजे प्लास्टिक. शंभर टनेजपासून पुढच्या, परदेशी बंदरांना जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर ते पुस्तक ठेवावंच लागतं. चुकून एक पिशवी वाऱ्याने उडाली तरी लिहायचं. तारीख, वेळ, जागा, किती, का. पुस्तक भरलं तरी दोन वर्षं जपून ठेवायचं. आमच्या कुकने एकदा बादली उलटी केली होती, त्याचा जबाब मी लिहिला."

भाऊ दिव्याच्या खांबाखाली उभे राहतात, वहीचं मागचं पान काढतात, पंधरा रेकच्या हिशेबाखाली. "सांग."

"तारीख घाला. वेळ २१.५०. ठिकाण, एकलहरे बंधारा, गोदावरी. कॅटेगरी ए. किती ते घनमीटरमध्ये लिहायचं… लिहा, शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन."

"पुढं?"

"ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याची सही. पान भरलं की कॅप्टनची."

भाऊ पेन्सिल धरून थांबतात. आधी मुलाकडे बघतात, मग माझ्याकडे. सहीचा रकाना मोकळाच ठेवून वही मिटतात.

"चला. सकाळी पंचवटी चुकायला नको."

पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला सातच्या सुमारास येते. दादरला उतरायचं, तिथून चर्चगेटची लोकल.