डार्ट तोच, बंदूक बदलली की नेम बदलतो

ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा वनविभागात सीटी-१ हा वाघ जेरबंद झाला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसांचा बळी त्याच्या नावावर होता. बेशुद्ध करून त्याला नागपूरच्या गोरेवाड्याला हलवण्यात आलं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे असा वाघ फिरू लागला की गावकरी एक प्रश्न हटकून विचारतात: वाघ दिसतोय, बंदूक हातात आहे, मग सुई मारत का नाहीत? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्यांनी हे विचारणं रास्तच आहे. म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं.

पहिला गैरसमज असा, की डार्ट म्हणजे औषध भरलेली गोळीच. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात, ती ठरल्या वजनाची आणि मोजून भरलेल्या दारूची असतात. डार्ट मात्र ऐन मोहिमेत, जंगलातच, हाताने भरला जातो. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा, मध्ये रबरी दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं. भोक बाजूला, आणि त्यावर सिलिकॉनची इवलीशी नळी चढवलेली. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, भोक उघडतं आणि हवा दट्ट्याला रेटून औषध आत सोडते. नळी नीट बसली नाही तर औषध आधीच गळतं. डार्ट अर्धवट भरला तर आतलं औषध डचमळून तोल बिघडतो, म्हणून उरलेली जागा निर्जंतुक पाण्याने भरून घेतात.

दुसरा गैरसमज बंदुकीबद्दलचा, आणि तो शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो: तक्त्यात अंतर बघायचं, तेवढा दाब लावायचा, संपलं. डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्टसारख्या बंदुका कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात आणि सोबत असा तक्ता येतो. पण तो फक्त सुरुवातीचा अंदाज. एका बंदुकीचा काटा किंचित जास्त दाब दाखवतो, दुसरीचं वॉशर झिजलेलं असतं, तिसरीच्या नळीत डार्ट सैल बसतो आणि गॅस बाजूने निसटतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? समजा डार्ट सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला. ३० मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटर खाली येतो. वेग ५५ वर आला की ही घसरण आणखी वीतभर वाढते. मांडीवर धरलेला नेम पोटाखालून निघून जायला वीतभर पुरेशी आहे. रायफलची गोळी वेगवान असल्याने हेच अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत कापते, तिथे असा फरक जाणवतही नाही. म्हणून जाणता नेमबाज स्वतःच्या बंदुकीतून त्याच मापाचे, पाणी भरलेले डार्ट पुठ्ठ्यावर मारून पाहतो आणि आपला तक्ता स्वतः बनवतो. शेजारच्या विभागाची बंदूक आयत्या वेळी हाती आली, तर तो तक्ता तिला लागू पडत नाही. हवामानही मध्ये येतं. गॅसच्या टाकीतला दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो, आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो.

शंका आली तर दाब वाढवावा, असंही अनेकांना वाटतं. ते घातक आहे. जवळून जास्त दाबाने सुटलेला डार्ट हाड मोडू शकतो, आतल्या अवयवाला इजा करू शकतो. मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू गाठायचा असतो, तोही थांबलेल्या वाघाचा.

आणि डार्ट लागला म्हणजे वाघ पडला, असंही नाही. झायलाझीन-केटामाइनचं मिश्रण चढायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात वाघ झुडपांत शिरतो, कधी नाल्यापार जातो. भोवती गर्दी आणि आरडाओरडा असला तर बिथरलेल्या जनावरावर औषध उशिरा आणि कमी चढतं. अशा वेळी गावकऱ्यांनी मागे राहणं हा मोहिमेचाच भाग ठरतो.

वाघ हलेनासा झाल्यावरही पथक लगेच पुढे जात नाही. आधी लांबून काठीने डिवचून बघतात, मग डोळ्यांवर पट्टी बांधतात, कारण या औषधाखाली डोळे उघडेच राहतात. गळून पडलेला डार्ट मात्र शोधावाच लागतो. दट्ट्या पूर्ण पुढे सरकला आहे की अर्ध्यातच अडकला आहे, हे पाहूनच पशुवैद्यक दुसरा डार्ट मारायचा की नाही ते ठरवतो.