किमान वेतन आणि श्रमाची उत्पादकता

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील गाव. १४३७ आणि १५९० साली येथे झालेल्या लढायांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. परंतु या परिसरातील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे तो शेतातील मजुरीचा. निंदणी, डवरणी, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी या कामांवर वऱ्हाडातील असंख्य घरांची चूल अवलंबून असते. तद्वतच, ही कामे वेळेवर आणि नीट झाली तरच शेतकऱ्याच्या पदरात पीक पडते. मजुराचे वेतन आणि कामाची उत्पादकता हे दोन प्रश्न म्हणूनच परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

कायद्याची वाटचाल

देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली अमलात आला. त्याच्या अनुसूचीच्या पहिल्या भागात निरनिराळे उद्योग, तर दुसऱ्या भागात शेतीचा समावेश होता. त्याच सुमारास नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने एक मूलभूत विचार मांडला. किमान वेतन म्हणजे केवळ जीव जगविण्यापुरती रक्कम नव्हे. कामगाराची कार्यक्षमता टिकून राहावी यासाठी शिक्षण, औषधोपचार आणि काही सुखसोयी यांचीही तरतूद त्यात असली पाहिजे, असा तो विचार होता. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने त्यास हिशोबाचे रूप दिले. कुटुंबातील तीन उपभोग घटकांचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम, अशी ती मोजणी होती. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण व विवाह यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९९१ साली सांगितले.

महाराष्ट्रात शेतमजुरांच्या परिस्थितीचा अभ्यास करण्यासाठी विधान परिषदेचे तत्कालीन सभापती श्री. वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. तिचा अहवाल १९७३ साली सादर झाला. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजनाही श्री. पागे यांच्याच विचारातून आकारास आली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या योजनेत मजुरी कामाच्या मोजमापावर दिली जात असे. मात्र सात तास मन लावून काम करणाऱ्या मजुरास शेतीच्या किमान वेतनाइतकी मजुरी सहज मिळावी, अशा बेताने दर बांधले जात. कामाचे माप आणि पोटाची गरज यांची सांगड घालण्याचा हा महत्त्वाचा प्रयोग होता.

नवी वेतन संहिता

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ चा कायदा तीत विलीन झाला. पूर्वी अनुसूचीत नोंद असलेल्या रोजगारापुरतेच किमान वेतन बंधनकारक होते. संहितेने ते सर्व रोजगारांस लागू केले. केंद्र शासन जे पायाभूत वेतन ठरवील, त्याहून कमी दर राज्यांना ठेवता येत नाही आणि मूळचा दर अधिक असल्यास तो खाली आणता येत नाही. दरांचा फेरविचार साधारणतः पाच वर्षांच्या आत व्हावयाचा असतो. दर ठरविताना समिती नेमल्यास तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्येने घ्यावे लागतात. सारख्या कामासाठी स्त्री आणि पुरुष यांच्या मजुरीत फरक करण्यास संहितेने मनाई केली आहे. कमी मजुरी मिळाल्यास तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार संबंधित अधिकाऱ्यास आहे.

वेचणीचा हिशोब

वऱ्हाडात कापसाची वेचणी बहुधा वजनावर दिली जाते. खरी गुंतागुंत येथेच आहे. हिशोबापुरते असे समजू की, दिवसाचे किमान वेतन ४०० रुपये आणि वेचणीचा दर किलोला ८ रुपये आहे. बोंडे भरपूर फुटलेली असताना एखादी स्त्री दिवसभरात ५० किलो कापूस वेचते आणि तिला ४०० रुपये मिळतात. हंगामाच्या शेवटी झाडावर तुरळक बोंडे उरतात. तीच स्त्री, तेवढाच वेळ वाकून, २५ किलो कापूस वेचते आणि तिच्या हाती केवळ २०० रुपये पडतात. तिची मेहनत निम्म्याने घटलेली नाही. घटले आहे ते झाडावरील पीक. नगावर काम करणाऱ्यासही किमान दैनिक वेतनाहून कमी मिळता कामा नये, हे तत्त्व १९४८ च्या कायद्यात होते आणि संहितेतही आहे. वरील उदाहरणात शेवटच्या वेचणीचा दर किलोला १६ रुपये ठेवावा लागेल किंवा रोजाने मजुरी द्यावी लागेल.

शेतकऱ्याची अडचणही येथे नजरेआड करून चालणार नाही. तुरळक कापसाच्या वेचणीवर दुप्पट खर्च करणे कोरडवाहू अल्पभूधारकास जड जाते. किंबहुना अनेक अल्पभूधारक स्वतःची कामे आटोपून इतरांच्या शेतावर मजुरीस जातात. मजुरीचा दर त्यांना दोन्ही बाजूंनी भिडतो. या पेचातून मार्ग निघतो तो उत्पादकतेच्या वाटेने.

उत्पादकता म्हणजे घाई नव्हे

उत्पादकतेच्या प्रसारासाठी १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषदेची स्थापना झाली आणि १९८२ हे वर्ष देशात उत्पादकता वर्ष म्हणून पाळण्यात आले. पुष्कळांची समजूत अशी की, उत्पादकता म्हणजे मजुराकडून अधिक घाईने काम करून घेणे. वस्तुतः वाया जाणारे श्रम आणि वेळ वाचविणे म्हणजे उत्पादकता. पिण्याचे पाणी शेताच्या बांधावर असले, विळे धारदार असले, वेचणीसाठी कमरेला बांधण्याच्या सुती झोळ्या मिळाल्या आणि तान्ह्या मुलांची सावलीत सोय झाली, तर तेवढ्याच वेळात अधिक काम होते. निव्वळ वजनावर मजुरी असली की, दवाने ओला व पालापाचोळा मिसळलेला कापूसही गोळा होतो आणि त्याचा भाव पडतो. स्वच्छ वेचणीस थोडा अधिक दर दिल्यास त्या खर्चाचा काही भाग मालाच्या प्रतीतून परत मिळू शकतो.

गावाची जबाबदारी

कायदा कितीही चांगला असला तरी तो मजुराच्या कानी पोहोचला नाही तर कागदावरच राहतो. हंगामाच्या प्रारंभी चालू दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, दवंडी देऊन ते सांगणे आणि ग्रामसभेत वेचणीच्या दराची चर्चा घडवून आणणे, ही कामे ग्रामपंचायत सहज करू शकते. वजनाचा काटा तपासलेला असावा आणि मजुरास आपले वजन डोळ्यांनी पाहता यावे. शिक्षकांनी वरील हिशोब गणिताच्या तासाला मुलांकडून करून घेतल्यास तो संध्याकाळी घरोघर पोहोचेल. ज्या आईने दिवसभर कापूस वेचला, तिच्या मजुरीचा हिशोब तिच्या मुलीने पाटीवर बरोबर मांडला, तर कायद्याची अंमलबजावणी त्या घरापासूनच सुरू होईल.