कात्री, फोटो आणि रक्ताचा कॅन्सर

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. विटांची जशी भिंत, तसे पेशींचे शरीर. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्याही पोटात ४६ दोरे असतात, म्हणजे २३ जोड्या. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे, हे त्या दोऱ्यांवर ठरते. कॅन्सरची पेशी थांबतच नाही.

१९६० साली अमेरिकेत दोघा संशोधकांना एक गोष्ट दिसली. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये एक दोरा आखूड होता. तुटलेला तुकडा गेला कुठे, ते काही कळेना.

ते कोडे डॉक्टर जॅनेट रौली या बाईंनी सोडवले. त्या शिकागो विद्यापीठात शिकल्या. तिथे डॉक्टरकीच्या वर्गात ६५ जागा, आणि मुलींना किती? फक्त ३! त्या भरल्या म्हणून बाईंना थांबावे लागले. १९४८ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे चार मुलगे झाले. मुले लहान होती तोवर बाई आठवड्यातले थोडेच दिवस कामाला जात.

त्याच विद्यापीठात त्या संशोधन करू लागल्या. दोऱ्यांचे फोटो घरी आणायच्या, एकेक दोरा कात्रीने कापायच्या आणि जेवणाच्या टेबलावर जोड्या लावायच्या. ‘शिंकू नका रे,’ असे पोरांना बजावलेले असे! दोऱ्यांवर आडवे पट्टे दिसण्याची युक्ती तेव्हा नवीनच निघाली होती. काठावरून लुगडे ओळखावे, तसा पट्ट्यांवरून दोरा ओळखता येई.

बाईंनी नीट पाहिले. २२ नंबरचा दोरा आखूड, आणि ९ नंबरचा लांब! तुकडा हरवला नव्हता, तो दुसरीकडे जाऊन चिकटला होता. हे त्यांनी १९७३ साली छापले. पुष्कळांना पटले नाही. ते म्हणत, रोगामुळे दोरे तुटत असतील. बाईंचे म्हणणे उलटे होते. दोरे तुटतात म्हणून रोग होतो. तेच खरे ठरले.

त्या चुकीच्या सांध्यामुळे पेशीला सारखा ‘वाढ, वाढ’ असा हुकूम मिळतो, हे पुढे इतरांनी शोधले. तो हुकूम अडवणारी गोळी निघाली. तिचे नाव इमॅटिनिब. २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. आपल्याकडे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या नव्या रूपाला पेटंट नाकारले, त्यामुळे इथल्या कंपन्या ती स्वस्तात करू शकतात.

ही गोळी सगळ्या कॅन्सरांवर चालत नाही, बरं का. पण या रोगाची पुष्कळ माणसे आज ती रोज घेऊन आपापले काम करतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडली, तर मात्र रोग उलटू शकतो. आणि हा रोग आहे की नाही हे ठरवायला डॉक्टर आजही त्याच दोन दोऱ्यांची अदलाबदल शोधतात.