मेलेल्या मोडेमची मोजदाद

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा संपर्क तुटला. एनरकॉन या जर्मन कंपनीच्या या चक्क्या. एकूण क्षमता ११ गिगावॉटच्या घरात. दूरवरच्या नियंत्रण कक्षाला त्या दिसेनाशा झाल्या, इतकंच. पाती फिरत राहिली, वीज तयार होत राहिली. मुळात नेम त्यांच्यावर नव्हताच. तो युक्रेनवर होता, आणि त्याच पहाटे रशियन फौजा सीमा ओलांडत होत्या.

हल्ला झाला व्हायासॅट कंपनीच्या ‘का-सॅट’ उपग्रह जाळ्यावर. युक्रेनचं लष्करही ते वापरत असे. उपग्रहाला कुणी हात लावला नाही. हल्लेखोर शिरले ते जमिनीवरून, इटलीतल्या तुरिनच्या व्यवस्थापन केंद्रात, व्हीपीएनच्या मांडणीत राहिलेल्या एका चुकीतून. तिथून त्यांनी ग्राहकांच्या घरोघरच्या मोडेमना हुकूम सोडले. हुकूम नेहमीचेच होते, सोडणारा तेवढा भलता. मोडेममधल्या फ्लॅश मेमरीतला महत्त्वाचा भाग त्यांमुळे खोडला गेला आणि हजारो डबे ठप्प झाले. कंपनीला पुढे जवळपास ३०,००० मोडेम बदलून पाठवावे लागले.

आकडा मोठा आहे. पण युद्धाच्या हिशोबात तो किती? युक्रेनच्या सायबर सुरक्षेचे तेव्हाचे एक प्रमुख अधिकारी व्हिक्टर झोरा मार्चमध्ये म्हणाले की, युद्धाच्या ऐन सुरुवातीला संपर्काचं फार मोठं नुकसान झालं. साऱ्या जगाने ते उचलून धरलं. काही महिन्यांनी त्यांनीच खुलासा केला की लष्कराची मुख्य भिस्त जमिनीवरच्या तारांवर होती, उपग्रह ही राखीव सोय. म्हणजे हल्ला तोच, मेलेले मोडेमही तेवढेच, आणि तरीही एकाच माणसाच्या तोंडून परिणामाची दोन चित्रं बाहेर पडली.

तोफेचा गोळा पुलावर पडला की पूल तुटला की नाही, हे ड्रोनच्या फोटोत दिसतं. सायबर हल्ल्याचा फोटो निघत नाही. म्हणून या क्षेत्रातले लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मोहीम काय होती ते पाहायचं, मग ती कोणत्या कामांवर उभी होती, ती कामं कोणत्या यंत्रांवर, आणि त्या घटकेला दुसरी वाट होती का. तोच मोडेम रात्री गोदामात पडून असेल तर त्याची किंमत शून्य; तोफखान्याला निशाणा कळवत असेल आणि शेजारी वायरलेस सेटही नसेल, तर तोच एक डबा भारी पडतो. हे कोष्टक शांततेच्या काळात मांडून ठेवावं लागतं. हल्ल्यानंतर मांडायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

हिशोब किती घसरू शकतो, याचा माझ्या मते सर्वांत बोलका नमुना युक्रेनच्याच डी-३० तोफांचा आहे. १२२ मिलिमीटरची ही जुनी सोव्हिएत तोफ. तिच्या माऱ्याची आकडेमोड झटपट करून देणारं अँड्रॉइड ॲप तिथल्याच एका तोफखाना अधिकाऱ्याने बनवलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की रशियन हॅकरांनी या ॲपच्या नकली आवृत्तीत हेरगिरीचा प्रोग्रॅम घुसवला, आणि युक्रेनने ८० टक्क्यांहून अधिक डी-३० गमावल्या. आकडा आला होता लंडनच्या आयआयएसएस या संस्थेच्या तक्त्यांवरून. संस्थेने हात झटकले: तक्त्यातल्या तोफा कमी दिसतात याचा अर्थ त्या नष्ट झाल्या असा नाही; बऱ्याचशा दुसऱ्या दलाकडे वळवल्या गेल्या असाव्यात. मार्च २०१७ मध्ये कंपनीने आकडा १५ ते २० टक्क्यांवर आणला. युक्रेनच्या लष्कराने तर सगळंच नाकारलं होतं.

समजा १५ टक्के खरे. त्यातल्या किती तोफा त्या ॲपमुळे गेल्या? रणांगणावर ड्रोन असतात, रडार असतात, खबरी असतात. फोनमधून ठिकाण फुटलं तरी ते ढोबळच. तोफ उडाल्यावर तिच्या पत्र्यावर ‘कारण: मालवेअर’ असं लिहिलेलं सापडत नाही.

यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी, असं वाटेल; पण तेही नेहमी खरं नसतं. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने, जीएओने, ऑक्टोबर २०१८ च्या अहवालात नव्या शस्त्रप्रणालींच्या चाचण्यांच्या हकिकती दिल्या आहेत. एका पथकाने प्रशासकाचा पासवर्ड नऊ सेकंदांत ओळखला. दुसऱ्याने चालकांच्या पडद्यावर मजेत संदेश झळकावला की, पुढे चालू ठेवायचं असेल तर पाव डॉलरची दोन नाणी टाका. एका चाचणीत हल्ल्यामुळे यंत्रणा कोसळली, पण चालकांना संशयच आला नाही, कारण ती एरवीही विनाकारण कोसळत असे. बँकेतल्या ‘सर्व्हर डाऊन’ला सरावलेल्या आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. आणखी एका ठिकाणी घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेने घुसखोरी बरोबर हेरली होती, लाल इशाराही दिला होता. चालकांनी तिकडे पाहिलं नाही. तो इशारा कायमच लाल असे.