मागाची उपमा आणि मिळून केलेली कला

चार माणसे मिळून नाटक, वग किंवा चित्रपट करतात, तेव्हा त्या कामाविषयी बोलताना आपण कारागिरांचे शब्द उसने घेतो. कथानक विणतो, प्रसंग गुंफतो, पात्र घडवतो, संवादांना पैलू पाडतो. यात उपमा आहे याचाही आपल्याला विसर पडलेला असतो. गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी तपासली ही कथा ज्या मुलखात लहानपणीच कानांवर पडते, तिथे धंद्याच्या शब्दांनी विचार करणे यात नवल नाही. परंतु उपमा हे हत्यार आहे, आणि हत्यार कुठे धरावे हे ठाऊक नसले तर ते आपल्याच हाताला लागते. आम्हांस ते लागलेले आहे, म्हणून हा विषय घेतला.

आमचे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेले. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रीचे. काही वर्षांपूर्वी मजुरीवाढीच्या लढ्यात आम्ही एक कलापथक उभे केले. तालमीत आमचे नेहमीचे वाक्य असे : आपण सारे धागे, मिळून कापड. एका तरुण कांडीवाल्याने आपल्या आईवर गाणे लिहिले. वगाच्या ओघात ते लांब वाटले, म्हणून आम्ही त्यातली दोन कडवी काढून टाकली. त्याला विचारले नाही. पुस्तिका छापली, तिच्यावर नाव युनियनचे. तो कचेरीत आला आणि म्हणाला, "अण्णा, धाग्याला इचारून कोण इणतंय व्हय?" पुढे तो तालमीला आला नाही.

त्याचे बोलणे बरोबर होते. धाग्याला मत नसते. माणसांना धागे म्हटले की विणणारा कोण हा प्रश्न आपोआप झाकला जातो. आणि तो विणणारा बहुधा, ज्याने उपमा काढली, तोच असतो! साध्या मागावर ताण्याची एक तार तुटली तरी माग थांबत नाही. कामगाराच्या नजरेला येईपर्यंत कापडात उभी रेघ पडतच जाते. आमचेही तसेच झाले. प्रयोग चालू राहिले, टाळ्या पडत राहिल्या.

तेव्हा मागाची उपमा टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. उपमा धाग्यांवरून उचलून हातांवर ठेवावी. कापडामागे किती हात आहेत ते पाहा. वार्पिंगवाला शेकडो तारा एका ताणाने बीमावर घेतो. वहिफणीवाला एकेक तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढतो. एक तार चुकीच्या घरात गेली तर ती चूक पुढच्या प्रत्येक मीटरवर दिसते. कांडीवाला, मागवाला, जॉबर, शेवटी दोष हुडकणारा घडीवाला. यातल्या प्रत्येकाला पुढच्याची अडचण कळावी लागते, आणि हेच सहनिर्मितीचे मर्म.

सायझिंगवाल्याचा मात्र वेगळा विचार करावा. तो सुताला खळ देतो, म्हणून सूत मागावरचे घर्षण सोसते. कापड तयार झाले की ती खळ धुऊन टाकतात. ज्याचे काम शेवटच्या वस्तूत औषधालाही उरत नाही, पण ज्याच्यावाचून ती वस्तू झालीच नसती, असा माणूस प्रत्येक नाटकमंडळीत असतो. तालमी घेणारा, पडद्याआडून वाक्य पुरवणारा, रुसलेल्या नटाला समजावून परत आणणारा. श्रेयपत्रिकेत त्याचे नाव शोधून पाहावे.

कुंभाराच्या चाकाची उपमाही दिग्दर्शकांना फार आवडते. ती एकट्याच्या निर्मितीला शोभेल. चाकावर हात एकाचेच, आणि बाकीचे सारे चिखल.

आता एक उजळ उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली दामले आणि फत्तेलाल शिकले. १९२९ साली शांतारामबापू, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' काढली. १९३६ चा 'संत तुकाराम' या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, भूमिका विष्णुपंत पागनिसांची. त्यातले बीजाविषयीचे पद शांताराम आठवल्यांनी लिहिले, आणि ते पुष्कळांना तुकोबांचेच वाटले. पैठणीत दोन रंगांचे बाणे जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकून परततात. म्हणून तिचा पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, आणि तरी रंग आपापल्या जागी राहतात. आठवल्यांचे पद तसे आहे. सांधा दिसत नाही, पण कवीचे नाव पुसले गेलेले नाही. आपण ते आजही सांगू शकतो.

सुताराच्या सांध्यातही हेच आहे. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला जीभ; दोघांचेही लाकूड थोडे जाते. फरक एवढाच, की लाकूड सुतार कापतो, आणि मंडळीत ज्याने त्याने आपले आपण कापायचे असते.

आमच्या पथकात आता ओळ गाळायची तर लिहिणाऱ्यासमोर वाचून गाळतात. यात वेळ जातो, भांडणे होतात, एकदा प्रयोग पुढे ढकलावा लागला. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या कांडीवाल्याचे गाणे सर्व कडव्यांसह, त्याच्या नावाने छापले. एक प्रत त्याच्या घरी पोचती केली. ती त्याच्या आईने घेतली.