दृष्टी देणारी सुई

मानवी शरीरातील सर्व इंद्रियांत डोळा हे अत्यंत नाजूक इंद्रिय होय. धुळीचा एखादा कण डोळ्यात गेला, तरी मनुष्य कासावीस होतो. मग त्याच डोळ्यात शस्त्र घालावयाचे, आतील बिघाड दूर करावयाचा आणि भोवतालच्या भागांना यत्किंचितही इजा न होऊ देता ते शस्त्र बाहेर काढावयाचे, हे काम किती बिकट असेल! अशा कामासाठी वैद्याचा हात कुशल असावा लागतो; परंतु त्या हातातील साधनही तितकेच योग्य असावे लागते.

डोळ्याच्या बाहुलीमागे मसुराच्या दाण्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी फुगीर असे एक पारदर्शक भिंग असते. त्याची रुंदी सुमारे ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी सुमारे ४ मिलिमीटर असते. डोळ्याच्या दर्शनी भागावर पारपटल नावाचा काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. मध्यभागी तो केवळ अर्धा मिलिमीटर जाड असतो. पारपटल आणि भिंग यांच्यामधील जागा सुमारे ३ मिलिमीटर खोल असून ती पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते. उतारवयात बहुधा हे भिंग गढूळ होते आणि माणसाला दिसेनासे होते. यालाच मोतीबिंदू म्हणतात. ते गढूळ भिंग वाटेतून दूर करणे, हाच त्यावरील उपाय होय.

हा उपाय भारतात फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. त्याचे वर्णन ‘सुश्रुतसंहिता’ या ग्रंथात आढळते. त्या काळचे वैद्य डोळ्यात एक बारीक शलाका घालून भिंग प्रकाशाच्या वाटेतून बाजूस सारीत. ही शलाका आठ अंगुळे लांब असावी, तिची टोके कळीच्या आकाराची असावीत आणि मध्यभागी तिला सूत गुंडाळलेले असावे, असे ग्रंथकाराने सांगितले आहे. सूत कशासाठी? बोटांतून शलाका निसटू नये म्हणून! इतकेच नव्हे, तर सदोष शलाकेने काय अनर्थ होतात, हेही त्याने नोंदविले आहे. टोक जाड असेल तर जखम मोठी होते. ते फाजील तीक्ष्ण असेल तर अनेक ठिकाणी इजा होते. शलाका ओबडधोबड असेल तर डोळ्यातील द्रव वाहून जातो. जखम लहान हवी, आतील भाग सुरक्षित राहावेत आणि द्रव वाहून जाऊ नये, या तीन अटी तेव्हापासून आजतागायत बदललेल्या नाहीत.

पुढे १७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने भिंग नुसते बाजूस न सारता ते डोळ्याबाहेर काढले. ही मोठीच प्रगती होती. परंतु अखंड भिंग बाहेर काढावयाचे म्हणजे त्याला पुरेल एवढी वाट पाडणे आले. त्यामुळे पारपटलाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यावा लागे. पुढे जखमेला टाके घालण्याची रीत रूढ झाली, तरी ती भरून येण्यास फार दिवस लागत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस रुग्णालयात निजून राहावे लागे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवीत.

न्यूयॉर्कमधील चार्ल्स केल्मन या तरुण नेत्रविशारदाला हे कष्ट टाळता येतील असे वाटले. भिंग डोळ्यातच फोडून त्याचा चुरा शोषून घेतला, तर लहानसे छिद्र पुरेल, असा त्याचा विचार होता. या संशोधनासाठी त्याला तीन वर्षांपुरते अर्थसाहाय्य मिळाले. त्याने नाना प्रकारची यंत्रे करून पाहिली. परंतु फिरते पाते भिंगाला लागताच भिंगही त्याच्याबरोबर भोवऱ्यासारखे फिरू लागे आणि आतील नाजूक भागांवर घासून त्यांची नासाडी करी. एकामागून एक यंत्र निरुपयोगी ठरले. मुदत संपत आली, तरी यशाचे चिन्ह दिसेना.

अशा स्थितीत एके दिवशी केल्मन आपले दात साफ करून घेण्यासाठी दंतवैद्याकडे गेला. दंतवैद्याने एक बारीक कंप पावणारे साधन दाताला लावले. दातावरचे कठीण कीटण भराभर निघाले; पण दात मात्र जागचा हलला नाही. केल्मनला आपल्या कोड्याचे उत्तर तेथेच सापडले. नाणे ठेवलेला कागद हळू ओढला, तर नाणेही त्याच्याबरोबर सरकते. परंतु तोच कागद झटक्याने ओढला, तर नाणे जागच्या जागी राहते. साधनाची हालचाल अतिशय जलद असेल, तर भिंगाला तिच्यामागे सरकण्यास अवसरच मिळत नाही. ते जागीच राहते आणि फुटते.

या तत्त्वावर केल्मनने यंत्रज्ञांच्या मदतीने एक पोकळ सुई तयार केली. अशी सुई टायटॅनियम या हलक्या व बळकट धातूची असते आणि ती सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा पुढेमागे कंप पावते. तिच्या टोकाशी भिंगाचा चुरा होतो आणि तिच्याच पोकळीतून तो शोषला जातो. मात्र येथे दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. कंपनामुळे सुई तापते, आणि ती उष्णता पारपटलाला भाजू शकते. शिवाय, चुऱ्याबरोबर आतील द्रवही ओढला गेला, तर डोळ्याचा पुढील भाग क्षणात खाली बसतो. म्हणून सुईभोवती एक नळी बसविण्यात आली. तिच्यातून सतत द्रव आत येतो. त्याने सुई थंड राहते, आणि जेवढा द्रव बाहेर जातो तेवढाच आत येत असल्याने डोळ्याचा आकारही टिकून राहतो.

माणसावर या रीतीची पहिली शस्त्रक्रिया १९६७ साली झाली. तिला कित्येक तास लागले. अनेक नेत्रविशारदांना ही रीत धोक्याची वाटली. तथापि यंत्रात एकेक सुधारणा होत गेली. आज सुमारे १० मिलिमीटरांच्या छेदाऐवजी अडीच-तीन मिलिमीटरांचा छेद पुरतो. त्याला बहुधा टाकाही लागत नाही, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून यंत्राचा ताबा त्यांच्या पायाशी दिलेला असतो. पायपट्टी थोडी दाबली की द्रव आत येतो, आणखी दाबली की शोषण सुरू होते, आणि पुरती दाबली की सुई कंप पावू लागते.

काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे भिंगही हवे. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रविशारदाने १९४९ साली लंडनमध्ये प्रथमच डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. परंतु सहा मिलिमीटर रुंदीचे ताठ भिंग तीन मिलिमीटरांच्या छिद्रातून कसे जावे? त्यासाठी घडी होणारी मऊ भिंगे निघाली. ती नळीतून आत सारली की डोळ्यात आपोआप उलगडतात. तमिळनाडूतील मदुराई येथे १९९२ साली स्थापन झालेल्या ‘अरोलॅब’ या संस्थेने अशी कृत्रिम भिंगे स्वस्तात तयार करून ती गरीब रुग्णांच्या आवाक्यात आणली.

नेत्रवैद्याची साधी दिसणारी साधनेही अशीच विचारपूर्वक घडविलेली असतात. काही चिमट्यांचे दात अवघ्या ०.१२ मिलिमीटरांचे असतात. त्यांच्या मुठीवर बारीक खाचा असतात, जेणेकरून ओल्या बोटांतून ते निसटू नयेत. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करताना प्रखर प्रकाश परावर्तित होऊन डोळे दिपू नयेत, यासाठी पुष्कळ साधनांना मुद्दाम चकाकी दिलेली नसते.

प्राचीन वैद्याने शलाकेला सूत गुंडाळले. आजचा कारागीर चिमट्यावर खाचा पाडतो. काळ बदलला, धातू बदलले, कंप पावणारी सुई आली. परंतु साधन घडविणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न तोच आहे. या साधनाने डोळ्याला कमीत कमी दुखापत कशी होईल? ज्यांनी हा प्रश्न धीराने विचारला आणि अपयश आले तरी सोडून दिला नाही, त्यांच्या परिश्रमांमुळेच आज असंख्य वृद्ध माणसे आपल्या नातवंडांची मुखे पुन्हा स्पष्ट पाहू शकतात.